क्वार्टरबॅकच्या खांद्यावर हक्क कोणाचा?

२४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये हंगामपूर्व सामना चालू असतानाच बातमी फुटली, की अमेरिकन फुटबॉलमधल्या कोल्ट्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू, अँड्र्यू लक निवृत्त होतोय. दुखापतीमुळे तो त्या दिवशी खेळत नव्हता, कडेला उभा होता. सामना संपल्यावर तो आत जायला निघाला, तेव्हा प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांनी त्याची हुर्यो उडवली. तेव्हा त्याचं वय होतं २९. आदल्याच हंगामात त्याने ३९ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास टाकले होते आणि पुनरागमन करणारा सर्वोत्तम खेळाडू हा किताबही मिळवला होता. आजच्या पिढीला कष्ट सोसवत नाहीत, असा शेरा एका क्रीडा निवेदकाने लगेच मारला आणि तो खूप फिरला.

लकने पळ काढला हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या सात वर्षांचा हिशेब नीट मांडला तर त्याचं शरीर कुठे, कसं आणि कोणाच्या निर्णयांमुळे खर्ची पडलं ते स्पष्ट दिसतं. त्यातून एक सार्वजनिक प्रश्नही उभा राहतो. जखमी खेळाडू खेळायला योग्य आहे की नाही हे ठरवायचा अधिकार, त्याच्या खेळण्यावर ज्यांचा पैसा अवलंबून आहे त्यांच्या डॉक्टरकडे का असावा? डोक्याच्या माराबाबत एनएफएलने (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने) हा अधिकार काही प्रमाणात तरी बाहेरच्या माणसाकडे दिला आहे. खांदा, बरगड्या, मूत्रपिंड यांच्याबाबत अजून दिलेला नाही.

आधी क्वार्टरबॅकचं काम काय असतं ते बघू. सेंटर चेंडू मागे देतो आणि क्वार्टरबॅक तीन, पाच किंवा सात पावलं मागे सरकतो. समोरून किमान चार, ब्लिट्झ (जादा माणसं सोडून केलेला हल्ला) असेल तर पाच-सहा जण त्याच्यावर धावून येतात. त्यांना अडवायला पाच जणांची फळी असते: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू हातातून सुटायला साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद लागतात. लांबचा पास असेल तर तीनच्या पुढे. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डाव्या बाजूला असते, म्हणून डावा टॅकल हा सगळ्यांत महागडा पहारेकरी.

ही फळी फुटते ती बहुतेक वेळा ताकदीपेक्षा ताळमेळ चुकल्यामुळे. बचाव संघाचे दोन खेळाडू धावता धावता एकमेकांच्या वाटा छेदतात. याला स्टंट म्हणतात. अशा वेळी गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवायचा आणि टॅकलचा स्वतःकडे घ्यायचा. दोघं वर्षभर शेजारी खेळलेले असतील तर हे न बोलता होतं. दोनच आठवड्यांपूर्वी एकत्र आलेले असतील तर अर्धा सेकंद वाया जातो आणि एक माणूस मोकळा सुटतो. शंभर-सव्वाशे किलोचा तो मोकळा माणूस पूर्ण वेगाने क्वार्टरबॅकवर आदळतो. चेंडू हातात असताना पाडलं तर त्याची नोंद सॅक म्हणून होते. चेंडू सुटल्यानंतर क्षणभराने पाडलं तर सॅकच्या रकान्यात काहीच येत नाही, पण बरगडीला दोन्ही सारखंच लागतं.

२०१२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोल्ट्सने लकला सगळ्यांत पहिला निवडला. मानेच्या शस्त्रक्रिया झालेल्या पेटन मॅनिंग या आधीच्या क्वार्टरबॅकला त्यांनी मार्चमध्येच सोडलं होतं आणि २०११ मध्ये संघ १६ पैकी १४ सामने हरला होता. स्टॅनफर्डहून आलेल्या या पोराने पहिल्याच वर्षी ४,३७४ यार्ड पास केले, नवख्या खेळाडूचा तेव्हाचा विक्रम, आणि संघ ११ सामने जिंकला. पुढची दोन वर्षंही अकरा-अकरा विजय. पण पहिल्या वर्षाचा दुसरा आकडाही त्याच पानावर होता: ४१ सॅक. प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांचा आक्रमणाचा आराखडा लांब पासांचा होता. म्हणजे जास्त पावलं मागे, जास्त वेळ उभं राहणं आणि जास्त मार.

त्या वेळी कोल्ट्सच्या हातात एक दुर्मीळ गोष्ट होती. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर नवख्यांच्या पगाराला कमाल मर्यादा आली. २०१० च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांत ७ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जाणारा होता, त्यातले ५ कोटी हमीचे. दोनच वर्षांनी आलेल्या लकला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २१ लाख मिळाले. उत्तम क्वार्टरबॅक इतका स्वस्त असताना वाचलेला पैसा आणि निवडीच्या संधी त्याच्यापुढच्या पाच माणसांवर लावायच्या, हे साधं शहाणपण होतं. सरव्यवस्थापक रायन ग्रिगसन यांनी काय केलं? २०१३ मध्ये पहिल्या फेरीत ब्यॉर्न वर्नर हा बचावाचा खेळाडू घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली निवड क्लीव्हलंड संघाला देऊन ट्रेंट रिचर्डसन हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणला. त्याने कोल्ट्ससाठी एका धावेमागे जेमतेम तीन यार्ड काढले आणि २०१५ मध्ये त्याला काढून टाकावं लागलं. २०१५ मध्ये पहिल्या फेरीत फिलिप डॉर्सेट हा रिसीव्हर (पास पकडणारा) घेतला. आक्रमक फळीसाठी पहिली फेरी खर्ची पडली ती थेट २०१६ मध्ये, रायन केली या सेंटरसाठी. तोवर लकचा खांदा फाटला होता.

ग्रिगसन यांनी काहीच केलं नाही असं म्हणणंही खरं नाही. २०१३ मध्ये गॉस्डर चेरिलस आणि डॉनल्ड थॉमस यांना बाजारातून आणलं. थॉमस दुखापतीने जवळजवळ खेळलाच नाही, चेरिलसला दोन वर्षांत सोडावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतूनही माणसं घेतली. पण तिशीकडे झुकलेला टॅकल किंवा जुन्या दुखापतीचा गार्ड घेतला की त्याच्या गैरहजेरीची तयारीही ठेवावी लागते. ती नव्हती, म्हणून फळी सारखी बदलत राहिली आणि स्टंट सोपवायची सवय कुणाच्या अंगात मुरलीच नाही.

लकचा स्वतःचा दोषही सांगायला हवा. तो चेंडू फार वेळ धरून ठेवायचा. पळताना पाय पुढे टाकून घसरायचं असतं, तसं घसरला तर नियम क्वार्टरबॅकला वाचवतो. हा गडी मात्र दोन यार्डांसाठी खांदा पुढे घालायचा. ४ जानेवारी २०१४ चा कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना कोणीही विसरणार नाही. कोल्ट्स ३८-१० ने मागे होते. चौथ्या सत्रात गोल लाइनजवळ डॉनल्ड ब्राउनच्या हातून चेंडू निसटला, एका सहकाऱ्याला लागून उसळला, आणि लकने तो पकडून माणसांच्या गर्दीवरून स्वतःला झोकून देत टचडाउन केला. सामना ४५-४४ ने जिंकला. त्या उडीचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही करतो. पण क्वार्टरबॅकने असं उडी मारणं ही संघाची नेहमीची योजना होऊ लागली की ते कौतुक घातक ठरतं. तरुण खेळाडूला आवरणं हे प्रशिक्षकांचं काम होतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये टेनेसीत खांदा दुखावला. दोन सामने बाहेर बसून तो परतला. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरविरुद्ध चौथ्या सत्रात पळताना दोन बाजूंनी धडक बसली. मूत्रपिंडाला चीर गेली आणि पोटाचा स्नायू अर्धवट फाटला. तो सामना त्याने तसाच पुरा केला आणि जिंकून दिला. हंगाम तिथेच संपला. २०१६ मध्ये त्याच्याशी सुमारे १४ कोटी डॉलरचा नवा करार झाला, त्यातले ८ कोटी ७० लाख हमीचे. त्या वर्षी तो १५ सामने खेळला, पुन्हा ४१ सॅक. जानेवारी २०१७ मध्ये त्याच्या उजव्या खांद्याच्या लॅब्रमवर शस्त्रक्रिया झाल्याचं संघमालक जिम आयर्से यांनी जाहीर केलं. म्हणजे २०१५ पासूनचं दुखणं घेऊन एक अख्खा हंगाम खेळून झाल्यावर.

लॅब्रम म्हणजे काय ते समजून घेतल्याशिवाय या वर्षभराची किंमत कळत नाही. खांद्याची खोबण मुळात उथळ असते. तिच्या कडेने कूर्चेचं एक कडं असतं, ते खोबण खोल करतं आणि दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर ठेवतं. फेकताना हात मागे पूर्ण वळतो, तेव्हा या कड्यावर पीळ पडतो. चेंडू सुटल्यावर भरधाव हात थांबवायचा असतो, तेव्हा ताण येतो तो खांद्याच्या मागच्या भागावर. कडं फाटलेलं असेल तर गोळा किंचित सरकतो, भोवतीचे स्नायू त्याला धरून ठेवायला जास्त राबतात आणि लवकर थकतात. मग फेकणारा नकळत कोपर खाली आणतो, कमरेचा जोर कमी वापरतो, आणि दुखणं एका जागेवरून दुसरीकडे जातं. आठवड्याचा सराव कमी करावा लागतो. सराव कमी झाला की रिसीव्हरशी वेळ जुळत नाही. वेळ जुळली नाही की चेंडू जास्त वेळ हातात राहतो, आणि पुन्हा मार बसतो.

शस्त्रक्रियेत फाटलेलं कडं हाडात बसवलेल्या बारीक अँकरांनी शिवतात. नंतर चार-सहा आठवडे हात झोळीत, मग हालचाल, मग ताकद. हलकं फेकणं साधारण चार ते सहा महिन्यांनी, पूर्ण जोराने फेकायला नऊ महिने ते वर्ष. लक ऑक्टोबर २०१७ मध्ये सरावाला आला, खांदा पुन्हा दुखू लागला, कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम रद्द करावा लागला. उपचारासाठी तो नेदरलँड्सला गेला. जून २०१८ मध्ये सरावाला त्याने फेकायला सुरुवात केली ती शाळकरी मुलांच्या लहान चेंडूने. दोन सामन्यांमधलं अंतर वीस महिन्यांचं झालं.

आणि मग २०१८. नवे सरव्यवस्थापक ख्रिस बॅलर्ड यांनी ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा गार्ड घेतला आणि दुसऱ्या फेरीत ब्रेडन स्मिथ, जो पुढे उजवा टॅकल झाला. मध्ये केली होताच. डावा टॅकल अँथनी कॅस्टोन्झो पहिले पाच सामने दुखापतीने बाहेर होता. तो सहाव्या सामन्याला परतला आणि तिथून सलग पाच सामन्यांत लकला एकदाही सॅक झाला नाही. प्रशिक्षक फ्रँक राइक यांनी पास आखूड आणि झटपट केले. अख्ख्या हंगामात ६३९ पास टाकून सॅक फक्त १८, लीगमध्ये सगळ्यांत कमी. २०१६ मध्ये दर शंभर पासप्रयत्नांमागे सात सॅक होते, आता तीनहूनही कमी. माणूस तोच, खांदा तर शिवलेला. फरक पडला तो फळीमुळे आणि आराखड्यामुळे. २०१२ मध्ये हे करता आलं नसतं असं मला कोणी पटवून दिलेलं नाही.

तरीही २०१९ मध्ये तो थांबला. वसंतात पोटरी दुखू लागली, ते दुखणं घोट्यापर्यंत गेलं, निदान आठवड्यागणिक बदलत राहिलं. निवृत्तीच्या रात्री त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: दुखापत, वेदना, उपचार हे चक्र चार वर्षं थांबलेलं नाही, त्यात खेळाचा आनंद गेला, २०१६ मध्ये दुखणं घेऊन खेळलो, तो मार्ग पुन्हा धरायचा नाही असं स्वतःला वचन दिलं होतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे शेवटचं. २०१६ मध्ये जो निर्णय त्याला कोणीतरी करून द्यायला हवा होता, तो त्याने २०१९ मध्ये स्वतः केला, आणि उरलेला एकच मार्ग होता खेळ सोडण्याचा.

यावर जाणकार आक्षेप घेतात तो ‘जो बरो’ या सिनसिनाटी संघाच्या क्वार्टरबॅकचं उदाहरण देऊन. सिनसिनाटीने २०२० मध्ये गुडघा मोडलेल्या बरोसाठी पुढच्या वर्षी पेनेई स्यूअल हा टॅकल न घेता जमार चेस हा रिसीव्हर घेतला. बरोला २०२१ मध्ये ५१ सॅक झाले, लीगमध्ये सर्वाधिक, टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीत एकाच सामन्यात नऊ, आणि तरी संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोचला. मग फळी कशाला? उत्तर त्या सुपर बोलमध्येच आहे. सात सॅक झाले आणि शेवटच्या निर्णायक क्षणी बरोला चेंडू नीट फेकायलाच मिळाला नाही. त्यानंतर त्याचं मनगट गेलं, पायाचा अंगठा गेला, दोन हंगामांतले बरेच सामने हुकले. चेस अप्रतिम आहे यात वाद नाही. पण क्वार्टरबॅक बाहेर बसला की चेसला चेंडू कोण देणार?

आता डॉक्टरांकडे येऊ. संघाचा डॉक्टर संघच नेमतो. लीग आणि खेळाडू संघटनेच्या करारात लिहिलंय की त्याची पहिली बांधिलकी खेळाडूशी, नेमणूक क्लबने केली असली तरी. खेळाडूला दुसरं मत घेण्याचा आणि आपला शल्यविशारद निवडण्याचा हक्कही आहे, खर्च क्लबचा. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात बुधवारी एमआरआय होतो, रविवारी सामना असतो, आणि ‘खेळू शकतोस का?’ हा प्रश्न प्रशिक्षकाच्या खोलीत विचारला जातो. २० सप्टेंबर २०२० रोजी चार्जर्स संघाचा क्वार्टरबॅक टायरॉड टेलर याला दुखऱ्या बरगड्यांसाठी सामन्यापूर्वी वेदनाशामक इंजेक्शन देताना संघाच्या डॉक्टरच्या सुईने फुप्फुसाला छिद्र पडलं. त्याची जागा जस्टिन हर्बर्टने घेतली आणि टेलरला ती परत मिळाली नाही. कोणाच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण ते इंजेक्शन उपचारासाठी नव्हतं, त्याला त्या दुपारी मैदानात उतरवण्यासाठी होतं.

डोक्याच्या माराबाबत वेगळी व्यवस्था आहे. २०१३ पासून मैदानाच्या कडेला क्लबशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ असतो आणि वरच्या मजल्यावरून नजर ठेवणाऱ्यांना २०१५ पासून सामना थांबवता येतो. ही व्यवस्थाही चुकते. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हाइलोआ बफेलोविरुद्ध अडखळत उठला, तरी परत खेळला आणि चार दिवसांनी सिनसिनाटीत बेशुद्ध पडला, बोटं वाकडी झालेली साऱ्या देशाने पाहिली. पण तेव्हा काय झालं ते बघा. खेळाडू संघटनेला त्या तज्ज्ञाला काढण्याचा अधिकार होता, तो तिने वापरला. पंधरा दिवसांच्या आत नियम बदलला आणि तोल जाणं हे लक्षण दिसलं की परत पाठवायचं नाही असं ठरलं. लकच्या खांद्याबाबत असं कोणाला जाब विचारायची सोयच नव्हती.

म्हणून मागणी नेमकी हवी. फेकणाऱ्या हाताचा खांदा-कोपर, बरगड्यांचं फ्रॅक्चर आणि आतल्या अवयवांची इजा, एवढ्यांसाठी लीग आणि संघटना दोघांनी मिळून नेमलेला डॉक्टर. एमआरआय त्याने ४८ तासांत वाचायचा, लेखी अहवाल खेळाडूला आणि संघटनेला, क्लबला फक्त उतरू शकतो की नाही एवढंच. सामन्यापूर्वीचं वेदनाशामक इंजेक्शन त्याच्या सहीशिवाय नाही. खेळाडू स्वतःच दुखणं लपवतो हा आक्षेप खरा आहे. लकही लपवणाऱ्यांतलाच होता असं वाटतं. पण पंचविशीतल्या पोराला सगळा संघ आपल्यावर अवलंबून आहे असं रोज सांगितलं जात असताना तो ‘नको’ म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची. ‘नको’ म्हणणारा दुसरा कोणीतरी लागतो.

दुसरी मागणी पैशाची. करारावर सही करताना मिळालेल्या बोनसचा उरलेला हिस्सा खेळाडू निवृत्त झाला तर क्लब परत मागू शकतो. आयर्से यांनी लककडून सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर परत घेतले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा, आणि तो नोंदवायला हवा. डेट्रॉइट संघाने मात्र १९९९ मध्ये थांबलेल्या बॅरी सँडर्सकडून आणि २०१६ मध्ये थांबलेल्या, अंगाची चाळण झालेल्या केल्विन जॉन्सनकडूनही पैसे परत घेतले. थांबण्याची किंमत मालकाच्या स्वभावावर ठरत असेल, तर ज्याच्या खात्यात लकएवढा पैसा नाही तो दुखऱ्या अंगाने खेळतच राहणार. वैद्यकीय कारणाने निवृत्त झालेल्याकडून बोनस वसूल करायचा नाही, हे करारात यायला हवं.

लीग आणि संघटनेतला सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. २०२१ पासून सामने १६ चे १७ झाले, आणि लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी १८ सामन्यांची इच्छा उघडपणे बोलून दाखवली आहे. एक सामना वाढला की क्वार्टरबॅकच्या वाट्याला आणखी पस्तीस-चाळीस वेळा चेंडू हातात घेऊन उभं राहणं येतं. मालकांना हा सामना हवा आहे, त्यामुळे संघटनेच्या हातात वाटाघाटीसाठी इतकं वजन पुन्हा लवकर येणार नाही. त्या बैठकीत महसुलाचा वाटा आणि जादा सुट्टीचा आठवडा यांची चर्चा होईलच. खांद्याच्या एमआरआयवर सही कोणाची, हा मुद्दा त्यांच्या आधी घ्यावा, आणि तो मान्य झाल्याशिवाय अठरावा सामना देऊ नये.